‘कंपनी’ : एका शब्दाची पूर्वपीठिका

लक्ष्मीपूजनाला ज्या घरांतून जुने रुपये अजून चौरंगावर मांडले जातात, तेथे १८४० साल कोरलेला, तोळाभर वजनाचा, तरुण व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा रुपया पुष्कळदा सापडतो. तो उलटून पाहावा. पानांच्या वेलीभोवती ‘ईस्ट इंडिया कंपनी’ ही अक्षरे दिसतील. एका अंगास राणीचे मुख आणि दुसऱ्या अंगास एका व्यापारी संस्थेचे नाव. पण ‘कंपनी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात काही विपरीत आहे असे आपल्याला वाटतही नाही.

या शब्दाचा जन्म मात्र दरबारात किंवा पेढीवर झालेला नाही. लॅटिनमध्ये ‘कुम्’ म्हणजे सह आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी. ज्याच्यासह भाकरी खावयाची तो ‘कंपानिओ’. गॉथिक भाषेतील सोबत्याचा शब्दही ‘सह’ आणि ‘भाकरी’ यांच्याच जोडणीचा आहे. त्यामुळे लॅटिनने ही कल्पना उत्तरेकडील जर्मन टोळ्यांकडून घेतली असावी, असे भाषापंडित मानतात. आपल्याकडील रोटीव्यवहाराची येथे सहज आठवण होते. गोव्यातील वाचकांना तर हा शब्द आणखी जवळचा वाटावा. पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आलेला ‘पाव’ हा त्याच ‘पानिस’चा वंशज आहे. पोदेर सकाळी दारावर जे घेऊन येतो, तेच ‘कंपनी’च्या पोटात दडलेले आहे.

फ्रेंचमधून इंग्रजीत आल्यावर हा शब्द पसरत गेला. सोबत, घरी आलेले पाहुणे, जहाजावरील सगळे खलाशी, कप्तानाच्या हाताखालील शिपायांची तुकडी, नटांचा संच, व्यापाऱ्यांचा संघ, असे सारे अर्थ त्याने पोटात घेतले. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने लंडनच्या व्यापाऱ्यांना सनद दिली, तेव्हा त्यांच्या ‘कंपनी’त जुना अर्थ बराचसा शिल्लक होता. आरंभीच्या सफरींत प्रत्येक सफरीचे भांडवल निराळे असे. जहाजे परतली की नफा वाटून हिशेब मिटवावयाचा.

नेमक्या त्याच तारखेला, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली. तैनाती फौजेच्या खर्चासाठी २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीस तोडून द्यावा लागला. भाकरी वाटून खाणाऱ्यांच्या फौजेची भाकरी अशी आपल्या मुलखातून गेली. १८१८ मध्ये मंदसोरला होळकरांवरही तहाची वेळ आली. संस्थानांच्या आश्रयाने वाढलेल्या आपल्या घराण्यांना ‘कंपनी’ची ओळख झाली ती अशा तहनाम्यांतून.

जाता जाता एक खुलासा. महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेच्या पलटणींना ‘कंपू’ म्हणत, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागात त्या नावाची वस्ती आजही आहे. तो शब्द ‘कंपनी’चा अपभ्रंश आहे असे सांगणारे भेटतात. ते खरे नव्हे. ‘कंपू’ आला तो ‘कॅम्प’वरून, किंवा त्याच्या ‘काम्पो’ या पोर्तुगीज रूपावरून.

आम्हांला अधिक नवल वाटते ते निराळेच. ‘कंपनी’चे बहुतेक सारे अर्थ पेलणारा शब्द मराठीत तयार होता. पाहुणेमंडळी आली, नाटकमंडळी आली. दुकानाच्या पाटीवरचे ‘आणि मंडळी’ म्हणजे ‘आणि कंपनी’च. शिवाय ‘आमची मंडळी’ म्हणून पत्नीचा उल्लेख करणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. ती सोय इंग्रजीत नाही! किर्लोस्करांनी १८८० मध्ये आपल्या संस्थेस ‘मंडळी’च म्हटले, लोक मात्र ‘नाटक कंपनी’ म्हणत राहिले. परंतु मुलूख घेणाऱ्या, कर वसूल करणाऱ्या त्या संस्थेस कोणी ‘मंडळी’ म्हटले नाही. तिला ‘कंपनी सरकार’ म्हटले. आमच्या मते हे अज्ञानाने झालेले नाही. ‘मंडळी’ म्हणण्यास जी जवळीक लागते, ती तेथे नव्हती.

१८५८ मध्ये कंपनीचे राज्य गेले आणि १ जून १८७४ रोजी ती संस्थाही विसर्जित झाली. शब्द मागे राहिला. अलीकडे घरातील तरुण मुले ‘चहाला जरा कंपनी द्या’ म्हणतात, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. आमच्या नाही पडत. तोवर आतून हाक येते, ‘चला मंडळी, पाने वाढली आहेत.’