तोंडाला काय फासावे? पाईच्या कवचापासून डोंगरकड्याच्या हळदीपर्यंत

१/ मराठीत तोंडाला काळे फासले की माणसाची अब्रू जाते आणि अंगाला हळद लावली की त्याच्या लग्नाची वाजंत्री वाजू लागते. हात तोच, चेहराही तोच. बदलतो तो केवळ पदार्थ. गंमत म्हणून कुणाच्या तोंडाला काही माखायचे असेल, तर ते काय असावे? प्रश्न पोरकट वाटेल, पण माणसांनी त्याचा फार गांभीर्याने विचार केलेला आहे. आजचा धागा त्या विचाराचा इतिहास सांगतो. #थ्रेड

२/ सुरुवात परदेशातून करू. 'पाई' म्हणजे मैद्याच्या कवचात फळांचा गर, कस्टर्ड किंवा मलई भरून भाजलेला पाश्चात्त्य पदार्थ. (इंग्रजी उच्चार 'पाय' असा आहे; पण मराठीत 'तोंडावर पाय मारला' म्हटले तर भलताच अर्थ निघेल, म्हणून येथे 'पाई' लिहीत आहे.) ही पाई खाण्याऐवजी समोरच्याच्या तोंडावर थापणे हा चित्रपटांतील सर्वांत जुन्या विनोदांपैकी एक.

३/ पडद्यावरील अशा विनोदाचे सर्वांत जुने ज्ञात उदाहरण १९०९ सालचे आहे. एसाने कंपनीच्या 'मिस्टर फ्लिप' या छोट्या मूकपटात बेन टर्पिन हा नट दिसेल त्या स्त्रीची छेड काढत हिंडतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याची खोड मोडली जाते. अखेरीस त्याच्या तोंडावर पाई बसते. ध्यानात घ्या, पहिल्याच पाईला नैतिक कारण होते. मार खाणारा त्याला पात्र होता, म्हणून प्रेक्षक निर्धास्त हसले.

४/ १९१२ मध्ये मॅक सेनेट याने कीस्टोन स्टुडिओ काढला आणि पाईफेक ही त्याची ओळख होऊन बसली. मूकपटाला आवाज नव्हता, रंगही नव्हता. अशा वेळी काळ्या कोटावर फुटणारी पांढरी मलई शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही स्पष्ट दिसे. शिवाय दगड लागला तर माणूस जखमी होतो, पाणी टाकले तर क्षणात ओघळून जाते. पाई मात्र चिकटून राहते आणि चेहरा पुसून डोळे उघडेपर्यंतचा तो विलंब हाच विनोदाचा गाभा ठरतो.

५/ येथे कवचाचा प्रश्न येतो. आपल्याकडील करंजी आठवा. पिठात तेल-तुपाचे मोहन कमी पडले की पारी चिवट होते आणि मोहन भरपूर असले की खुसखुशीत होते. कारण सोपे आहे. पाण्यात मळलेल्या मैद्यात चिवट तंतू तयार होतात. स्निग्ध पदार्थ ते तंतू लांब होऊ देत नाही. पाईच्या कवचाचेही शास्त्र हेच. खाण्यासाठी ही चवीची बाब असते, तर फेकण्यासाठी सुरक्षिततेची.

६/ फेकायच्या पाईचे कवच हातात असेपर्यंत मलईचा भार पेलणारे हवे, पण गालाला लागताच त्याचा चुरा व्हायला हवा. फार भाजलेले जाड कवच म्हणजे थाळीच. मोहन कमी असलेले कवच तुटत नाही, चापट मारल्यासारखे बसते. आणि खालची पत्र्याची ताटली तशीच ठेवली तर तिची कड थेट नाकावर येते. म्हणजे गंमत आणि इजा यांच्यामध्ये उभी असते ती मूठभर मोहनाची खुसखुशीत भिंत.

७/ या विनोदाचा कळस १९२७ अखेरीस आला. लॉरेल आणि हार्डी यांच्या 'द बॅटल ऑफ द सेंच्युरी' या मूकपटात एका गल्लीतील भांडण पसरत जाते आणि सारा रस्ता पाईने माखतो. सुमारे ३००० पाई वापरल्याचे सांगितले जाते. या चित्रपटाचे दुसरे रीळ अनेक दशके जवळजवळ हरवलेले होते. २०१५ मध्ये ते एका संग्राहकाच्या हाती लागले. अभ्यासकांना एखादे दुर्मीळ दफ्तर सापडल्याइतका आनंद झाला!

८/ याच जोडीला अर्पण केलेला 'द ग्रेट रेस' १९६५ मध्ये आला. त्यातील पाईयुद्ध पडद्यावर जेमतेम चार मिनिटांचे, पण चित्रीकरण पाच दिवस चालले आणि सुमारे ४००० पाई लागल्या. मधल्या सुट्टीत सेटवर सांडलेली मलई नासली. सोमवारी नटमंडळी परतली तेव्हा इतकी दुर्गंधी सुटली होती की सारी जागा धुऊन, मोठे पंखे लावून मगच काम सुरू करावे लागले. जॅक लेमन या नटाने नंतर सांगितले की, तोंडावर बसणारी पाई सिमेंटच्या ढिगासारखी आदळते.

९/ त्या अनुभवातला धडा अमेरिकी दूरचित्रवाणीवरील सूपी सेल्स या विनोदवीराने आधीच गिरवला होता. आपल्या कारकिर्दीत सुमारे २०,००० पाई फेकल्या गेल्या, असा त्याचा दावा. त्याचे सूत्र असे : आत दाढीचा फेस, कारण तो नासत नाही, खाली खरेखुरे खुसखुशीत कवच, कारण ते सहस्र तुकडे होऊन उडते, आणि पत्र्याची ताटली कधीही नाही. फ्रँक सिनात्रासारखा नामवंत गायकही त्याच्या कार्यक्रमात आनंदाने पाई तोंडावर घेऊन गेला. ही मंडळी स्वतःहून येत. हा तपशील जपून ठेवा, पुढे लागणार आहे.

१०/ आता घरी परतू. कीस्टोनच्या पाई गाजत होत्या त्याच दशकात, १९१९ साली, दादासाहेब फाळके यांनी 'कालिया मर्दन' हा मूकपट काढला. त्यात बाळकृष्णाची भूमिका त्यांच्या लहानग्या कन्येने, मंदाकिनीने केली. खोड्या आणि लोणीचोरी यांनी चित्रपटाचा आरंभीचा भाग भरलेला आहे. फाळक्यांना पाई शोधण्याची गरजच नव्हती. आपल्या प्रेक्षकाला लोण्याने माखलेला चेहरा शतकानुशतके ठाऊक होता आणि प्रियही होता.

११/ त्या लोण्याचे लोकरूप म्हणजे काला. ज्वारीच्या लाह्या, पोहे, दही, लोणचे असे ज्याच्या घरी जे असेल ते एकत्र कालवायचे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने. एकमेकांच्या तोंडात घास भरवताना निम्मा काला गालावरच जातो. तेथे कोण कोणत्या जातीचा, याचा हिशेब उरत नाही. माखण्यातून माणसे जवळ येतात ती अशी.

१२/ काल्याला कवच आहे का? आहे. ते म्हणजे हंडी! मातीचे मडके दह्याचा भार पेलते आणि घाव बसताच फुटते. पाईच्या कवचाकडून आपण हेच मागितले होते. पण थर जसजसे वाढले, तसे मडक्याऐवजी माणसांची हाडे मोडू लागली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीची उंची २० फुटांवर आणली आणि १८ वर्षांखालील गोविंदांना मनाई केली. २०१७ मध्ये उंचीचे बंधन उठले, पण १४ वर्षांखालील मुले थरांबाहेरच राहिली. मूळ नियम साधा होता : फुटायचे ते मडके, माणूस नव्हे.

१३/ आता डोंगरकड्याला या. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील, नांदेड-हिंगोली मार्गावरचे हे गाव. हा सारा टापू हळदीचा. शेजारच्या वसमतची हळद बाजारपेठ सर्वदूर प्रसिद्ध आहे आणि वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेले बेणे सुमारे नऊ महिन्यांनी, हिवाळा सरताना काढणीला येते. पुढे लग्नसराई सुरू होते. शिवारातली हळद आणि मांडवातली हळद यांचा हंगाम असा एकापाठोपाठ येतो.

१४/ मांडवातल्या त्या पिवळ्या चिमटीमागे किती कष्ट असतात, हे शहरात कळत नाही. काढलेले ओले कंद शिजवावे लागतात. त्याने रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि हळद लवकर वाळते. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवण आणि त्यानंतर ढोलात घालून पॉलिश. शंभर किलो ओल्या हळदीतून हाती येतात साधारण २० किलो हळकुंडे. तोंडाला फासायचा पदार्थ इतक्या निगुतीने तयार करणारा समाज दुसरा क्वचितच असेल!

१५/ आणि पदार्थ तरी कसा? हळदीचा पिवळा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणूनच तेलात कालवलेली हळद अंगावर छान बसते. चुन्याशी गाठ पडली की ती लाल होते. पारंपरिक कुंकू याच गुणातून जन्मले. आणि सूर्यप्रकाशात तिचा रंग हळूहळू उडतो. म्हणजे हळद चेहऱ्यावर दिसते ठसठशीत, राहते काही दिवस आणि मग आपणहून निरोप घेते. गंमतीसाठी याहून समंजस रंग कोणता?

१६/ विधी पाहा. आधी सवाष्णी नवरदेवाला हळद लावतात आणि त्यातलीच उरलेली 'उष्टी हळद' नवरीकडे जाते. येथवर सारे शिस्तीत. मग करवल्या, दीर, मेहुणे, मामा-आत्या एकमेकांच्या मागे धावतात आणि मांडव पिवळा होतो. ज्यांची कालपर्यंत ओळखही नव्हती, ती दोन घराणी एकाच रंगात माखून निघतात. पाईयुद्धातला सारा धिंगाणा येथे आहे. फरक इतकाच की, येथे शेवटी कुणी हरत नाही.

१७/ पण या कथेची काळी बाजू लपवणे इतिहासाला शोभणारे नाही. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकवायला निघालेल्या सावित्रीबाई फुले यांच्या अंगावर लोकांनी शेण आणि चिखल फेकला. शाळेत पोहोचल्यावर नेसण्यासाठी त्या दुसरे लुगडे सोबत नेत. फेकणारे तेव्हाही हसतच असणार. पण ते हसू एका माणसाला रस्त्यावरून हुसकावण्यासाठी होते. शेण आणि हळद यांच्यामधले अंतर हे केवळ पदार्थाचे नाही, हेतूचे आहे.

१८/ पाईलाही हेच भोग आले. फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रुसेल्स येथे बिल गेट्स यांच्या तोंडावर मलईच्या पाई आदळल्या. २०११ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे साक्ष देणाऱ्या रूपर्ट मरडॉक यांच्यावर फेसाची ताटली मारली गेली आणि मारणारा तुरुंगात गेला. सिनात्राच्या तोंडावर बसलेली पाई आणि ही पाई, दोन्ही मऊच होत्या. मग एक विनोद आणि दुसरा गुन्हा का? एकाने चेहरा स्वतः पुढे केला होता, दुसऱ्याला कुणी विचारलेच नव्हते. संमती हे पाईचे दुसरे कवच.

१९/ मग आजचे वाढदिवस कोणत्या रांगेत बसवायचे? रात्री बारा वाजता मित्राला धरून त्याचे तोंड केकमध्ये दाबायचे, डोक्यावर अंडी फोडायची, 'स्नो स्प्रे' उडवायचा. जरा थांबा. थरांच्या केकमध्ये आधारासाठी लाकडी वा प्लास्टिकच्या काड्या रोवलेल्या असतात, त्या डोळ्याच्या उंचीवरच येतात. फेसाच्या अनेक डब्यांत ज्वालाग्राही वायू असतो आणि शेजारीच मेणबत्ती पेटलेली असते. कवचात काय आहे हे न पाहता तोंड दाबणे म्हणजे पत्र्याची ताटली फेकणेच होय.

२०/ तेव्हा मित्रहो, शंभर वर्षांच्या पाईफेकीने आणि त्याहून कितीतरी जुन्या काल्या-हळदीने शिकवलेल्या कसोट्या तीनच. वस्तू माणसाआधी फुटली पाहिजे. तिचा डाग माणसाच्या लाजेइतका टिकता कामा नये. आणि ज्याचा चेहरा माखणार, त्याला शेवटी हसू आले पाहिजे. पाई करायचीच असेल तर मोहन सढळ घाला, कवच पातळ लाटा, ताटली कागदाची घ्या आणि आधी विचारा.

२१/ पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या लग्नात कुणी अचानक तुमच्या गालावर हळद फासेल. तेव्हा रागावण्यापूर्वी क्षणभर आठवा : डोंगरकड्याच्या एखाद्या शेतात कुणीतरी ती नऊ महिने वाढवली, शिजवली, उन्हात वाळवली. तुमच्या चेहऱ्यासाठी इतका विचार केलेला पदार्थ क्वचितच मिळतो. मग तुम्हीही चिमूटभर घ्या आणि समोरच्याचा गाल शोधा. तुमच्या गावात काल्याला किंवा हळदीला कोणती वेगळी रीत आहे? खाली जरूर लिहा. (समाप्त)