न खेळलेला डाव

मागच्या व्याख्यानात आपण नमुना अवकाश ही संज्ञा पाहिली. सर्व शक्य निकालांची यादी, एवढाच तिचा अर्थ. आज तिच्यासाठी आपण १६५४ सालच्या फ्रान्समध्ये जाऊ.

दोघे जण जुगार खेळतायत. प्रत्येकाने ३२ पिस्तोल, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, पणाला लावली आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि इथेच खेळ मोडला. आता पैसे वाटायचे कसे?

चटकन मनात येतं, दोनास एक. इटलीच्या पाचोलीने १४९४ मध्ये जिंकलेल्या डावांच्या प्रमाणातच वाटणी सांगितली होती. पण पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहून ठरवलं की झालेले डाव सोडा, राहिलेले बघा. फर्माची रीत इथे लावून पाहू. जास्तीत जास्त दोन डाव उरलेत, म्हणून निकाल चार. त्यातल्या एकातच, दोन्ही डाव दुसऱ्याने मारले तरच, तो जिंकतो. म्हणजे पहिल्याला ४८, दुसऱ्याला १६. पास्कलही वेगळ्या वाटेने ४८ वरच आला होता.

फर्माची ही रीत ऐकून रोबेर्वाल या गणितज्ञाने हरकत घेतली, आणि खरं सांगायचं तर ती आपल्याही मनात आलेली असते. पुढचाच डाव पहिल्याने जिंकला तर खेळ संपला ना? मग न खेळलेला डाव मोजायचा कशाला? पास्कलचं म्हणणं, खेळा की खुशाल. जिंकणारा काही बदलत नाही.

बरोबर शंभर वर्षांनी, १७५४ मध्ये, दालांबेरसारखा मोठा गणिती विश्वकोशातल्या लेखात इथेच अडखळला. नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा पडण्याची संभाव्यता किती? पहिल्यांदाच छापा पडला तर पुन्हा उडवायचं कशाला, असं म्हणून त्याने तीनच निकाल धरले: छापा, काटा मग छापा, काटा आणि काटा. उत्तर दिलं २/३. खरं उत्तर ३/४. तीन निकाल मोजणं ही चूक नव्हे बरं का, ते तिन्ही समसंभाव्य मानणं ही चूक. पहिल्याची संभाव्यता १/२ आहे, उरलेल्या दोघांची १/४, १/४.

नीट पाहिलं तर हा आपला मोडलेला खेळच आहे. छापा म्हणजे पहिल्याचा डाव, काटा म्हणजे दुसऱ्याचा. दालांबेरच्या हिशेबाने वाटणी केली असती तर दुसऱ्याला १६ ऐवजी २१ हून जास्त नाणी मिळाली असती, आणि ती वरची पाच पहिल्याच्या खिशातून गेली असती.