मोडलेला डाव पुन्हा मांडताना

‘मिक्सर’ म्हटले की आपल्या घरात खोबऱ्याची चटणीच आठवावयाची. परंतु ध्वनिमुद्रणाच्या दुनियेतही एक मिक्सर आहे. तो वाटत नाही, तो प्रमाण जमवतो. पाश्चात्त्य ड्रमसंचात पायाने वाजवावयाचा मोठा ढोल, तडतडणारा स्नेअर, दोनतीन टॉम, हाय-हॅट आणि मोठाल्या झांजा असा बारदाना असतो. त्यांच्याजवळ वेगवेगळे मायक्रोफोन, शिवाय खोलीचा घुमारा टिपावयास आणखी दोनचार. एकाला दाबावे, दुसऱ्याला उचलावे, तिसऱ्याला जरा डावीकडे बसवावे, आणि अखेर सर्वांचा मिळून एकजीव ठेका तयार व्हावा, हे मिक्सरचे काम.

आजच्या संगणकातील ड्रम म्हणजे अशा संचाचे आघात आधीच मुद्रित करून ठेवलेले भांडार. त्यालाही असाच मिक्सर असतो. त्यावरची सारी मांडणी एका नावाखाली जतन करता येते आणि हवी तेव्हा पुन्हा बोलावता येते. या जतन केलेल्या मांडणीला ‘प्रीसेट’ म्हणतात. पोरासोरांना ही सोय आज उपजतच आहे असे वाटते. तथापि ती मिळण्यापूर्वी माणसांनी पुष्कळ घाम गाळला आहे.

१९६६ सालची गोष्ट घ्या. लंडनच्या ॲबी रोडवरील स्टुडिओत बीटल्स मंडळींचे ‘टुमॉरो नेव्हर नोज’ हे गाणे मुद्रित होत होते. जेफ एमेरिक हा अवघ्या वीस वर्षांचा ध्वनिमुद्रक होता. त्याने रिंगो स्टारच्या मोठ्या ढोलात लोकरीचा स्वेटर कोंबला आणि मायक्रोफोन तेथल्या शिरस्त्याबाहेर जवळ नेला. आवाज असा भरीव आला की लोक तो आजही वाखाणतात. परंतु तो आवाज राहत होता कोठे? स्वेटरच्या घडीत, मायक्रोफोनच्या अंतरात आणि मेजावरच्या बटणांच्या जागांत! त्या काळी एकांचे काम आटोपले की दुसऱ्यांसाठी मेज मोकळे करावयाचे. मांडलेला डाव मोडला. फार तर कोणी कागदावर आकडे टिपून ठेवी.

या विस्मरणावर पहिला मोठा उतारा सापडला तो ड्रममध्ये नव्हे, सिंथेसायझरमध्ये. १९७८ साली अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांच्या कंपनीचे ‘प्रॉफेट-५’ हे वाद्य आले. त्यात एक छोटा संगणकच बसवला होता. प्रत्येक बटण कोठे उभे आहे, हे तो आकड्यांत मोजी, आकडे साठवी, आणि हुकूम होताच तीच स्थिती पुन्हा उभी करी. अशा चाळीस मांडण्या त्याच्या पोटात मावत. बटणाची जागा म्हणजे एक आकडा, आणि आकडा जपून ठेवता येतो: साऱ्या प्रीसेटचे मर्म एवढेच आहे.

मौज पाहा. १९८० साली दोन प्रसिद्ध तालयंत्रे बाजारात आली. रॉजर लिन यांच्या ‘एलएम-१’मध्ये खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज होते. जपानच्या रोलँड कंपनीच्या ‘टीआर-८०८’मध्ये ते विजेने घडवलेले होते. कितव्या मात्रेवर कोणता आघात, हे दोघांनाही तोंडपाठ! ताल मुळातच आकड्यांचा, म्हणून तो लक्षात राही. परंतु कोणता ढोल किती मोठा वाजावा, हे ठरवणारी बटणे साधी, हाताची. कोणाचा धक्का लागला की ताल तोच, पण रंग निराळा.

मोठ्या मेजांचीही अशीच अर्धीमुर्धी सुटका झाली. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी इंग्लंडच्या सॉलिड स्टेट लॉजिक कंपनीने ‘टोटल रिकॉल’ ही व्यवस्था आणली. बटणांच्या जुन्या जागा ती पडद्यावर दाखवी. परंतु बटणे आपली आपण फिरत नसत. बिचारा सहायक पडद्याकडे पाहत, एकेक बटण पिळत, जुनी जागा गाठी. १९८७ साली यामाहाच्या ‘डीएमपी-७’ या मिक्सरवर सरकती बटणे स्वतः जागेवर येऊन बसू लागली. पुढे १९९६ मध्ये स्टाइनबर्गच्या ‘क्युबेस व्हीएसटी’ने मिक्सर पडद्यावरच आणला. तेथे बटण हेच मुळी चित्र, आणि त्यामागे केवळ आकडा. २००३ साली ‘बीएफडी’ आणि २००६ साली ‘ईझीड्रमर’ आले, तेव्हा ड्रमसंच, खोली आणि मिक्सर एकाच चौकटीत नांदू लागले होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रीसेटमध्ये सहसा आवाज नसतो, आवाजाची मांडणी असते. २०१७ सालच्या ‘सुपीरियर ड्रमर ३’चे भांडार सुमारे २३० गिगाबाइटचे. जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ते बेल्जियममधील गॅलक्सी स्टुडिओत मुद्रित केले. त्यावरचा प्रीसेट मात्र त्या मानाने चिठ्ठीएवढा. ज्याच्या संगणकात ते भांडार नाही, त्याने ती चिठ्ठी उघडून काय करावे? शिवाय नवा प्रीसेट बोलावला की समोरची मांडणी पुसली जाते. म्हणून आधी आपली मांडणी स्वतंत्र नावाने जतन करावी, मगच दुसऱ्याची उघडावी.

दुसऱ्याचा प्रीसेट उघडणे म्हणजे त्याचा कान उसना घेणे. मुरलेल्या ध्वनिमुद्रकाचा कान तालुक्याच्या गावातील मुलाला घरबसल्या लाभावा, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु तो कान दुसऱ्याच गाण्यासाठी लागलेला होता. त्या मोठ्या ढोलाखाली आपल्या गायिकेचा कोवळा आवाज बुडाला, तर दोष यंत्राचा म्हणावयाचा काय? यंत्राने आठवण ठेवावी. तारतम्य माणसाने ठेवावे.

दिवाळीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण आईच्या वहीत लिहिलेले असते. वर्षानुवर्षे तेच. तरीही पहिली चकली कढईत सोडल्यावर घरातली बाई क्षणभर थांबते, ती तुकडा मोडून पाहते, आणि मगच पुढचा घाणा घालते.