गिरमिट आणि उचल

कायद्यानें एखादी दुष्ट रूढि बंद केली म्हणजे तिचा अंत झाला, अशी आपली समजूत असते. साखरेचा इतिहास पाहिला म्हणजे ह्या समजुतीस धक्का बसतो.

ब्रिटिश पार्लमेंटानें १८३३ सालीं गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. नुकसानभरपाई म्हणून जे दोन कोटि पौंड मंजूर झाले ते गुलामांच्या धन्यांस. गुलामांच्या हातीं कांहींच पडलें नाहीं. मळ्यांतला ऊस मात्र कोणीतरी तोडावयास हवाच होता. तेव्हां १८३४ पासून हिंदुस्थानांतील मजूर करारावर मॉरिशसला जाऊं लागले. त्यांत रत्नागिरीकडील मराठी माणसेंहि होतीं. हिंदी मजुरांच्या तोंडीं ‘अग्रीमेंट’चें गिरमिट झालें, तें हेंच. गिरमिट्या हा विकत घेतलेला नव्हता आणि त्यास वेतन होतें. परंतु एक दिवस गैरहजर राहिल्यास त्याचें दोन दिवसांचें वेतन कापलें जाई, व परवान्यावांचून मळ्याबाहेर सांपडल्यास त्यास भटक्या ठरवून कैद होई.

आतां समुद्र ओलांडून आपल्या शिरड शहापुराकडे यावें. १९४८ पर्यंत हें गांव निजामाच्या राज्यांत होतें. त्याच राज्याच्या तेलंगण भागांत कर्जापायीं सावकाराकडे राबणाऱ्यास भागेला म्हणत. १९७६ च्या वेठबिगार-निर्मूलन कायद्यानें ही पद्धति नांव घेऊन रद्द केली. तथापि आजहि मराठवाड्यांतून दरसाल दिवाळीच्या सुमारास ऊसतोड्यांच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते; नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो; खाडा झाला तर दंड बसतो. उचल फिटली नाहीं तर पुढचा हंगामहि त्याच मुकादमाचा.

दोन्ही गोष्टी एकच म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. गुलामाची मुलेंहि धन्याची मालमत्ता ठरत. ऊसतोड्यास मत आहे, न्यायालय आहे, संघटना आहे. परंतु १९७६ च्या कायद्यानें सांगितलेली वेठीची खूण वाचकांनीं ध्यानांत घ्यावी: कर्जापायीं दुसरें काम पत्करण्याचें किंवा मनास येईल तेथें जाण्याचें स्वातंत्र्य गमावणें, ही ती खूण. आखाती देशांतील कफाला पद्धतीचें मूळहि येथेंच आहे. तेथें कर्जाच्या जागीं धन्याची संमति असते. कतारनें नोकरी बदलण्यास लागणारी ती संमति २०२० मध्यें काढून टाकली.

मजुरास किती मिळतें हा प्रश्न दुसरा. त्यास निघून जातां येतें कीं नाहीं, हा पहिला. आणि उचलीच्या हिशेबांत तो आजहि अनुत्तरित आहे.