कोविडोत्तर हृदयविकार

कोविडोत्तर हृदयविकार : कोविड-१९ चा तीव्र आजार ओसरल्यानंतर हृदय व रक्तवाहिन्या यांत उद्भवणारे किंवा टिकून राहणारे विकार. फारसा त्रास न होता घरीच बरे झालेल्यांतही ते आढळतात.

कारणे : कोविड-१९ ला कारणीभूत असलेला सार्स-कोव्ही-२ विषाणू एसीई-२ या ग्राहीच्या आधारे पेशीत शिरतो. हा ग्राही हृदयात व रक्तवाहिन्यांतही असतो. मात्र विषाणूच्या थेट माऱ्यापेक्षा अनावर प्रतिकारशक्तीमुळे होणारा दाह, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला झालेली इजा आणि सूक्ष्म गुठळ्या यांचा वाटा मोठा मानला जातो. मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा जुना हृदयरोग असल्यास धोका वाढतो.

प्रकार : हृदयस्नायूचा दाह (मायोकार्डायटिस), हृदयावरणाचा दाह, हृदयाची कार्यक्षमता घटणे (हार्ट फेल्युअर), ठोक्यांची अनियमितता, हृदयविकाराचा झटका आणि फुप्फुसात गुठळी अडकणे हे मुख्य प्रकार होत. ‘पॉट्स’ या विकारात उभे राहिल्यापासून दहा मिनिटांच्या आत प्रौढांची नाडी मिनिटाला ३० किंवा अधिक ठोक्यांनी वाढते. रक्तदाब मात्र फारसा उतरत नाही. क्वचित काही मुलांना संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी बहुअवयवी दाह होतो. त्यात हृदयाच्या रोहिण्या फुगू शकतात.

अभ्यास : २०२० मध्ये फ्रँकफुर्ट येथे बरे झालेल्या १०० जणांच्या एमआरआय तपासणीत ७८ जणांच्या हृदयात बदल दिसले, पुढच्या काही अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी आढळले. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १,५३,७६० कोविडबाधितांची संसर्ग न झालेल्यांशी तुलना केली होती. वर्षभरात बाधितांमध्ये हार्ट फेल्युअरचे रुग्ण दर हजारी सुमारे १२ ने अधिक आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला. कोविड लसीमुळे असा धोका वाढत नाही, असे त्यात दिसून आले. कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेले असणे, घराण्यातील आकस्मिक मृत्यू, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान व अतिश्रम यांचा मात्र धोक्याशी संबंध आढळला.

निदान व उपचार : ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाल्यास वाढणारे प्रथिन) व टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) या प्राथमिक तपासण्या होत, गरजेनुसार होल्टर (सलग दीर्घकाळ ईसीजी नोंदवणारी चाचणी) किंवा एमआरआय करतात. उपचार त्या त्या हृदयविकाराच्या रूढ पद्धतीनेच होतात. मायोकार्डायटिसमध्ये तीन ते सहा महिने कठोर व्यायाम व खेळ वर्ज्य असतात. पॉट्समध्ये पुरेसे पाणी, डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवलेले मीठ, दाब देणारे मोजे व बसून किंवा आडवे राहून करायचे व्यायाम उपयोगी पडतात.

दक्षता : कोविड होऊन गेल्यावर थोड्या श्रमाने दम लागणे, धडधड किंवा भोवळ जाणवल्यास ‘अशक्तपणा असेल’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे व झालेला संसर्ग आवर्जून सांगावा. छातीत दुखल्यास किंवा शुद्ध हरपल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.