अवजड वाहनांचे ‘ब्लाइंड स्पॉट’ : ट्रकचालकाला काय दिसत नाही आणि इतरांनी काय करावे

नवी दिल्ली : मालट्रकच्या शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला किंवा मोटारचालकाला तो ट्रक पूर्णपणे दिसत असतो. त्यामुळे ट्रकचालकालाही आपण दिसत असू, असे तो सहज गृहीत धरतो. प्रत्यक्षात ट्रकभोवती असे काही भाग असतात की, तेथील वाहन चालकाला काचेतून दिसत नाही आणि आरशातही दिसत नाही. या भागांना ‘ब्लाइंड स्पॉट’ किंवा अंधक्षेत्र म्हणतात. चालक कितीही दक्ष असला, तरी वाहनाच्या रचनेमुळेच ही क्षेत्रे निर्माण होतात. म्हणून ती कोठे असतात, हे इतर वाहनचालकांनी ओळखून त्यांपासून दूर राहणे हा बचावाचा सर्वांत खात्रीचा मार्ग ठरतो.

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात हा विषय रोजच्या जगण्याशी निगडित आहे. दिल्लीत दिवसा बहुतांश रस्त्यांवर अवजड मालवाहनांना प्रवेशबंदी असते. त्यामुळे आझादपूर व गाझीपूरच्या बाजारपेठांकडे आणि संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरकडे निघालेले ट्रक रात्री मोठ्या संख्येने शहरात शिरतात. राजधानीत काम नसलेली मालवाहतूक शहराबाहेरून वळवण्यासाठी दोन परिघीय द्रुतगती मार्ग बांधण्यात आले. कुंडली-गाझियाबाद-पलवल हा पूर्वेकडील मार्ग २७ मे २०१८ रोजी खुला झाला, तर कुंडली-मानेसर-पलवल हा पश्चिमेकडील मार्ग त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला पूर्ण लांबीने सुरू झाला. प्रत्येकी सुमारे १३५ किलोमीटरच्या या मार्गांवर वेगवान मोटारी आणि संथ ट्रेलर एकाच वेळी धावतात. वेगातील हीच तफावत अपघातांना निमंत्रण देते.

चार बाजू, चार अंधक्षेत्रे

पहिले अंधक्षेत्र ट्रकच्या अगदी पुढे असते. चालक उंच केबिनमध्ये बसतो आणि त्याची नजर बम्परच्या वरून पुढे जाते. त्यामुळे बम्परला लागून उभा असलेला पादचारी, सायकलस्वार किंवा स्कूटर त्याच्या दृष्टीच्या खाली राहते. अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या सुरक्षा सूचनांनुसार ट्रकच्या पुढे सुमारे २० फूट आणि मागे सुमारे ३० फूट अंतर अंधक्षेत्र समजावे.

दुसरे क्षेत्र थेट मागे असते. मोटारीत असतो तसा मधला आरसा ट्रकमध्ये फारसा उपयोगी पडत नाही, कारण मागे हौदा किंवा कंटेनर आडवा येतो. चालकाची सारी भिस्त बाजूच्या आरशांवर असते. ट्रकच्या पाठीला चिकटून जाणारे वाहन त्यांत दिसत नाही.

तिसरे क्षेत्र उजव्या बाजूला, म्हणजे चालकाच्या दाराखाली आणि त्यामागे थोड्या अंतरापर्यंत असते. चालक त्याच बाजूला बसत असल्याने ते तुलनेने लहान असते.

चौथे क्षेत्र डावीकडचे. ते सर्वांत मोठे आणि सर्वांत धोकादायक असते. भारतात चालक उजवीकडे बसतो. डावी खिडकी त्याच्यापासून दूर असते आणि तिच्या खालच्या कडेमुळे रस्त्याचा मोठा भाग झाकला जातो. पूर्वी डावीकडे बसलेला क्लीनर दारावर थाप मारून किंवा ओरडून इशारा देत असे. आज अनेक गाड्यांवर चालक एकटाच असतो. काचेवर लावलेल्या झालरी, गोंडे आणि पडदे उरलीसुरली दृष्टीही अडवतात.

यासाठी एक साधा नियम लक्षात ठेवावा : ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. मात्र चेहरा दिसला म्हणजे त्याने आपल्याला पाहिलेच, असे होत नाही. त्या क्षणी त्याची नजर दुसऱ्या आरशाकडे किंवा समोरच्या रस्त्याकडे असू शकते.

डावीकडून पुढे जाण्याची सवय

सर्वसाधारण नियमानुसार पुढील वाहनाला उजवीकडून ओलांडावे. प्रत्यक्षात मात्र भरलेले ट्रक अनेकदा उजव्या मार्गिकेत संथपणे चालत राहतात आणि मागची वाहने कंटाळून डावीकडून पुढे सरकतात. चालकाला सर्वांत कमी दिसणारी बाजू नेमकी तीच असते. ट्रकला त्याच क्षणी डाव्या मार्गिकेत परतायचे असेल, तर शेजारच्या वाहनाला सुटकेची जागा उरत नाही. त्यामुळे अशा वेळी मागे पुरेसे अंतर ठेवून थांबावे, दिवे किंवा हॉर्न वापरून संकेत द्यावा आणि उजवीकडे वाट मिळण्याची प्रतीक्षा करावी. अनेक मार्गिकांच्या रस्त्यावर डावीकडून जाणे अटळच ठरले, तर ट्रक व आपले वाहन यांच्यात एक मार्गिका रिकामी ठेवावी आणि ट्रकच्या बरोबरीने रेंगाळू नये.

ओलांडताना वेगातील फरक महत्त्वाचा असतो. अठरा मीटर लांबीच्या ट्रेलरपेक्षा आपला वेग ताशी केवळ ५ किलोमीटरने अधिक असेल, तर त्याची लांबी पार करण्यास सुमारे १३ सेकंद लागतात. तोच फरक २० किलोमीटर असेल, तर हे काम साडेतीन सेकंदांच्या आत होते. म्हणून पुढचा रस्ता मोकळा असल्याची आणि वेगमर्यादेत राहून ट्रक ओलांडता येईल याची खात्री झाल्याशिवाय बाजूला येऊच नये. ओलांडल्यावर आपल्या आतील आरशात ट्रकचे दोन्ही पुढचे दिवे दिसेपर्यंत त्याच्या मार्गिकेत शिरू नये. शिरल्यावर लगेच ब्रेकही दाबू नये.

या शेवटच्या सूचनेमागे ट्रकच्या वजनाचे कारण आहे. २०१८ मध्ये सुधारलेल्या मर्यादेनुसार देशात जोडवाहनाचे मालासह एकूण वजन ५५ टनांपर्यंत असू शकते. ताशी सुमारे १०५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या भरलेल्या ट्रकला थांबण्यास सुमारे १६० मीटर, तर मोटारीला सुमारे ९६ मीटर लागतात, असे अमेरिकेतील सुरक्षा मार्गदर्शिका सांगतात. आपण ट्रकचालकाला दिसलो, तरी तो वेळेत थांबू शकेलच असे नाही.

ट्रकच्या इंडिकेटरबाबतही सावध राहावे. काही ट्रकचालक ‘पुढे जा’ असे सुचवण्यासाठी इंडिकेटर लावतात, काही जण त्याच दिव्याने वळण्याचा इरादा दर्शवतात. समोरचा रस्ता स्वतः पाहिल्याविना अशा संकेतावर विसंबून ओलांडू नये.

वळणावरील सापळा

लांब वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती वळणाच्या आतील बाजूने जातात. म्हणून डावीकडे वळणारा ट्रक अनेकदा आधी थोडा उजवीकडे सरकतो. त्यामुळे डावीकडे मोकळी जागा दिसते आणि दुचाकीस्वार तीत शिरतो. पुढच्या काही क्षणांत ट्रक वळतो, ती जागा आक्रसते आणि स्वार मागच्या चाकांपाशी अडकतो. ओखला, नारायणा, बवाना, साहिबाबाद, मानेसर यांसारख्या औद्योगिक भागांतील चौकांत, तसेच महाराष्ट्रात भिवंडी, चाकण आणि उरणच्या बंदर परिसरात ही काळजी विशेष आवश्यक आहे. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे घुसू नये, त्याच्या मागेच थांबावे. पादचाऱ्यांनीही उभ्या ट्रकच्या बम्परला लागून रस्ता ओलांडू नये.

मागून होणारी धडक

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मृतांमध्ये दुचाकीस्वारांचा वाटा ४४ टक्क्यांहून अधिक होता, आणि एकूण अपघातांपैकी एक पंचमांशाहून अधिक अपघात मागून धडक बसल्याने झाले.

त्याच वर्षीच्या दोन दुर्घटनांनी हा धोका ठळकपणे समोर आणला. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी पंजाबी अभिनेते दीप सिद्धू यांची मोटार कुंडली-मानेसर-पलवल मार्गावर सोनीपत जिल्ह्यातील खरखोद्याजवळ ट्रेलरवर मागून आदळली आणि त्यांचा मृत्यू झाला. १४ ऑगस्टच्या पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ ट्रकशी झालेल्या धडकेत शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांचे निधन झाले.

ट्रकची मागची कड मोटारीच्या बोनेटपेक्षा उंच असते. धडकेत मोटार खाली शिरली, तर तिचा मजबूत पुढचा भाग निरुपयोगी ठरतो आणि आघात थेट काचेच्या पातळीवर होतो. हे टाळण्यासाठी ट्रकच्या मागे व बाजूंना संरक्षक पट्ट्या, तसेच समोर पांढरी, बाजूंना पिवळी आणि मागे लाल परावर्तक पट्टी लावण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. वाकलेल्या किंवा काढून टाकलेल्या संरक्षक पट्ट्या, धुळीने झाकलेले परावर्तक आणि हौद्याबाहेर आलेल्या सळया या तरतुदींना निष्प्रभ करतात.

डिसेंबर-जानेवारीतील धुक्यात हा धोका अनेक पटींनी वाढतो. ८ नोव्हेंबर २०१७ रोजी दाट धुरक्यामुळे यमुना द्रुतगती मार्गावर एकामागून एक अनेक वाहने परस्परांवर आदळली होती. दृश्यमानता ५० मीटर असताना ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन ते अंतर सव्वादोन सेकंदांत कापते. समोर उभा ट्रक दिसून ब्रेक दाबेपर्यंत थांबायला रस्ताच शिल्लक राहत नाही. धुक्यात वेग दृश्यमानतेच्या प्रमाणात ठेवावा, हेडलाइट खालच्या झोतावर असावेत आणि चालत्या वाहनाचे धोकादर्शक दिवे लावून इतरांचा गोंधळ वाढवू नये. कोरड्या रस्त्यावरही ट्रकपासून किमान तीन सेकंदांचे अंतर राखावे. ताशी ८० किलोमीटर वेगाला ते सुमारे ६६ मीटर होते.

हॉर्न, दिवे आणि तंत्रज्ञान

ट्रकच्या पाठीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ ही ओळ एका अर्थी चालकाची कबुलीच आहे : मागचे दिसत नाही, म्हणून आवाज द्या. अनावश्यक हॉर्नला प्रोत्साहन मिळते, या कारणास्तव महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने ३० एप्रिल २०१५ रोजी वाहनांवर ही ओळ लिहिण्यास मनाई केली. गरज असेल तेव्हा एक आखूड हॉर्न आणि रात्री डिपरचा संकेत पुरेसा असतो.

काही देशांनी वाहनाच्या रचनेतच बदलाचा आग्रह धरला आहे. लंडनमध्ये १२ टनांहून अधिक वजनाच्या मालवाहनांना चालकाच्या थेट दृष्टीनुसार तारांकन दिले जाते आणि त्याच्या निकषांची अंमलबजावणी १ मार्च २०२१ पासून सुरू झाली. भारतात मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मसुदा अधिसूचनेत अवजड वाहनांसाठी स्वयंचलित ब्रेक, चालकाला झोप लागत असल्याचा इशारा आणि अंधक्षेत्रातील वाहनाची सूचना देणाऱ्या यंत्रणा प्रस्तावित करण्यात आल्या. केबिनमधील उष्णता व थकवा कमी व्हावा म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित मालट्रकच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक करण्यात आले. तथापि रस्त्यावरील जुने ट्रक पुढील अनेक वर्षे धावत राहणार आहेत.

वाहन बंद पडल्यास

द्रुतगती मार्गावर वाहन बंद पडल्यास ते शक्य तितके डावीकडे घ्यावे, धोकादर्शक दिवे लावावेत, मागे काही अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि सर्वांनी वाहनातून उतरून कठड्यापलीकडे उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ आणि कोणत्याही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे क्रमांक उपलब्ध आहेत. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्या व्यक्तीला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने कायदेशीर संरक्षण दिले आहे. आपले नाव उघड करण्याची सक्ती तिच्यावर करता येत नाही. मोटारीत मागच्या आसनावरही सीटबेल्ट आणि दुचाकीवर दोघांनाही हेल्मेट बंधनकारक आहे.