किती दिवसांचा मुक्काम?

"वृद्धाश्रमात गेलेलं माणूस फार दिवस काढत नाही." कुणाच्या तरी सासूबाईंचा किंवा एकट्या राहणाऱ्या काकांचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्यावर लगेच दुसरं कुणीतरी म्हणतं, "अहो, आमच्या ओळखीच्या काकू नऊ वर्षं आहेत तिथे, अगदी ठणठणीत!" गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. हे कसं, ते समजून घेण्यासाठी मी इंग्लंडचा इतिहास चाळला. इंग्लंडच का? तर निराधार म्हाताऱ्यांची सोय कायद्याने करायची ही गोष्ट तिथे जुनी आहे, आणि तिच्याबद्दल मोजूनमापून लिहिलेलंही पुष्कळ सापडतं.

सुरुवात काही फार सुखाची नाही. १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्याने तिथे गावोगावी वर्कहाउस उभी राहिली. आतलं जगणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जगण्यापेक्षा वाईटच असलं पाहिजे, हे त्यामागचं उघड तत्त्व. म्हणजे अगदीच नाइलाज झाल्याशिवाय कुणी दार ठोठावू नये! नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला. साठीपुढच्या जोडप्यांना एकत्र खोली मागता येण्याची सवलत मिळायला १८४७ उजाडलं. १९०९ पासून सत्तरीपुढच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झालं, तेव्हा कुठे काहींना आपल्याच घरी राहण्याचा आधार मिळाला.

मग आलं १९४८. जुना कायदा रद्द झाला आणि म्हाताऱ्यांसाठी निवासाची सोय करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. मंत्री होते अन्यूरिन बेव्हन. त्यांची कल्पना अशी, की पंचवीस-तीस जणांची लहान घरं असावीत आणि तिथे राहणाऱ्याचं नातं हॉटेलातल्या पाहुण्यासारखं असावं. पेन्शनच्या सव्वीस शिलिंगांपैकी एकवीस राहण्याखाण्याचे द्यायचे, उरलेले पाच स्वतःच्या हातात. तंबाखू घ्या, नातवाला खाऊ घ्या, तुमची मर्जी. मला हे पाच शिलिंग फार आवडले. त्या पैशांत माणसाचा मान शिल्लक ठेवलेला आहे.

प्रत्यक्षात काय झालं? पीटर टाउनसेंड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८-५९ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधल्या १७३ संस्था पाहिल्या आणि १९६२ मध्ये 'द लास्ट रिफ्यूज' हे पुस्तक लिहिलं. अनेक ठिकाणी जुन्या वर्कहाउसच्या इमारतीच वापरात होत्या, फक्त पाटी बदललेली. पण त्याला दिसलेली मोठी गोष्ट वेगळीच होती. आतली बरीच माणसं धडधाकट होती! योग्य घर आणि थोडी मदत मिळाली असती, तर ती बाहेर राहू शकली असती. ती आत आली होती ती घर गेलं म्हणून, जोडीदार गेला म्हणून, बघणारं कुणी उरलं नाही म्हणून. अशी माणसं आत वर्षानुवर्षं राहायची. दिवस भरपूर होते, पण त्या दिवसांत करायला काही नव्हतं.

पुढे चक्र उलटं फिरलं. १९८० च्या दशकात खासगी केअर होमचा खर्च सरकारी मदतीतून मिळू लागला आणि अशी घरं भराभर वाढली. १९७९ मध्ये सुमारे एक कोटी पौंडांचा असलेला हा खर्च दहा-बारा वर्षांत शंभर कोटींच्या वर गेला. सरकारला घाम फुटला! १९९० मध्ये नवा कायदा झाला आणि १९९३ पासून सरकारी खर्चाने आत जायचं तर आधी गरजेची तपासणी आली. ज्यांचं घरी भागू शकेल त्यांना घरीच मदत द्यायची. साहजिकच आत जाणारा माणूस अधिक थकलेला, अधिक आजारी असू लागला.

आता आकडे बघा. २००८ ते २०१० या काळात एका मोठ्या कंपनीच्या केअर होममध्ये वारलेल्या अकरा हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. सरासरी मुक्काम निघाला ८०१ दिवसांचा. पण निम्मी माणसं ४६२ दिवसांच्या आतच गेलेली होती. साधारण चौथा हिस्सा मात्र तीन वर्षांच्याही पुढे राहिला, आणि त्यांनीच सरासरी वर ओढली.

काकूंचं कोडं इथेच सुटतं. समजा, एका खोलीत एकच आजी दहा वर्षं राहिल्या आणि शेजारच्या खोलीत त्याच दहा वर्षांत एकामागून एक दहा जणं आली आणि गेली. तुम्ही कधीही भेटायला जा, दोन माणसं दिसतील आणि त्यातल्या एक त्या आजी असतील. म्हणजे पाहुण्याला निम्मी माणसं दीर्घकाळ राहणारी वाटणार. ऑफिसातलं रजिस्टर मात्र सांगणार, की अकरा जणांत एकच टिकली. डोळे आणि रजिस्टर, दोन्ही खरं!

तर सांगायचा मुद्दा असा, की मुक्कामाच्या दिवसांवरून छप्पर चांगलं की वाईट हे ठरत नाही. ते दिवस बरेचसे ठरतात माणूस दारात कधी आला यावर. टाउनसेंडच्या काळात माणसं लवकर येत होती म्हणून खूप राहत होती, आता उशिरा येतात म्हणून थोडी राहतात. वृद्धाश्रम माणसाला मारतो असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा क्रम उलटा असतो. माणूस तिथे पोचतो तोच मुळी शेवटच्या वळणावर.

हे सगळं शोधायला कारण घरातलंच. सध्या आमच्या मावशीबद्दल हेच बोलणं चालू आहे, आणि "तिकडे गेली तर किती दिवस काढेल?" असं सगळे एकमेकांना विचारतात. तिला सोडून! मला वाटतं, प्रश्न थोडा बदलावा. किती दिवस, हे कुणाच्याच हातात नाही. पण सकाळचा चहा कधी घ्यायचा, खिडकीजवळ कुणी बसायचं, दार आतून लावता येईल का, आणि ते पाच शिलिंग कुणाच्या मुठीत राहणार, हे तर आपण आधीच विचारू शकतो. आणि आधी तिलाच विचारू शकतो.

असो. नातलगांपैकी जे हे वाचतील, त्यांनी येत्या रविवारी मावशीकडे जमायचंच आहे. आकडे घरी ठेवून या.